शिकवता येणारी नजर

छातीचा फोटो निघायला क्षणही लागत नाही. ‘दीर्घ श्वास घ्या, धरून ठेवा’ असं तंत्रज्ञ म्हणतो, आपण श्वास धरतो आणि तेवढ्यात क्ष-किरण छातीतून आरपार गेलेले असतात. फासळ्यांनी ते बरेचसे अडवले म्हणून फासळ्या पांढऱ्या. हवेने भरलेल्या फुप्फुसांनी फारसे अडवले नाहीत म्हणून फुप्फुसं काळी. खरी मेहनत त्यापुढे सुरू होते. उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याशी, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या आड, एक पुसट पांढुरका भाग दिसतोय. तो क्षयाचा डाग आहे, जुनी भरून आलेली जखम आहे, की हाड आणि रक्तवाहिनी एकमेकांवर आल्याने झालेला भास आहे? मुरलेला रेडिओलॉजिस्ट काही सेकंदांत सांगतो. कसं ओळखलंत असं विचारलं, तर तो पडद्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, ‘हे काय, इथे’. आपल्याला तिथे काहीच दिसत नाही.

ही नजर हजारो फोटो पाहून तयार होते. ती पुस्तकात पूर्ण उतरत नाही, म्हणून शंभर वर्षं ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे शेजारी बसूनच गेली. गेल्या दहाएक वर्षांत ती शिकवायची आणखी एक रीत सापडली आहे आणि त्या रीतीत शिकणारा माणूस नाही. रुग्णालयांत आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा बहुतेक वेळा यंत्रमानव आणि नोकऱ्या यांच्याभोवती फिरते. मला स्वतःला त्याहून कितीतरी थक्क करणारी गोष्ट वाटते ती ही, की जी नजर तिच्या मालकालाही शब्दांत सांगता येत नाही, ती दुसरीकडे नेता येते. आणि ती न्यायची तर कुठे, असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर रत्नागिरी जिल्हा असं आहे.

नकाशा पाहिला की कारण कळतं. वर मंडणगड, खाली राजापूर, मध्ये सात तालुके, एका अंगाला सह्याद्री आणि दुसऱ्या अंगाला सुमारे १६७ किलोमीटरचा किनारा. मध्ये खाड्या शिरलेल्या. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. मंडणगडच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं तर रस्त्याने दीडशेहून अधिक किलोमीटर. पावसाळ्यात साकव वाहून गेला तर वाडीतून मुख्य रस्त्याला लागणं हेच मोठं काम. फोटो काढायचं यंत्र एखाद्या ग्रामीण रुग्णालयात पोचवता येतं. तो फोटो वाचणारा तज्ज्ञ मात्र शहरातच राहतो आणि मग रिपोर्टची वाट बघत बसायचं.

क्षयाशी या जिल्ह्याचं नातं जुनं आहे. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरीचा चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या राबला. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं, हवेत कापसाची तूस, अपुरं अन्न. अशा ठिकाणी क्षयाचे जंतू सुखाने पसरतात. आजारी पडलेला गडी गावी परतायचा आणि खोकला घरात यायचा. आज गिरण्या नाहीत, पण ये-जा आहेच. उलट आता दोन्ही दिशांनी आहे. हापूसच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात, मच्छीमार बोटींवर बाहेरगावचे खलाशी असतात. कामाच्या मागे फिरणारा माणूस खोकल्यासाठी रोज बुडवून दवाखान्यात जात नाही.

त्यात एक आणखी विलक्षण अडचण आहे. २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयरोगाची मोठी पाहणी झाली. तिच्यात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण केवळ छातीच्या फोटोमुळे सापडले. लक्षणं विचारून त्यांचा पत्ता लागला नसता. दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप, वजनात घट, यातलं सांगण्यासारखं काहीच त्यांच्याकडे नव्हतं. म्हणजे आपण आजारी आहोत हे ज्याला माहीत नाही, त्याच्या छातीचा फोटो काढायचा आणि तो कुणीतरी वाचायचा. एका वाडीचे फोटो काढले तरी शे-दोनशे होतील. वाचणार कोण?

यंत्र ते कसं वाचतं हे समजून घेण्यासारखं आहे. फोटो आपल्याला चित्र दिसतो. संगणकाला ते आकड्यांचं कोष्टक असतं. दोन हजार आडव्या ओळी आणि दोन हजार उभे स्तंभ धरले तर चाळीस लाख चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात तो किती काळा किंवा पांढरा याचा एक आकडा. या चाळीस लाख आकड्यांत ‘फुप्फुस’ असं कुठेही लिहिलेलं नाही, ‘क्षय’ तर नाहीच.

यातून वाट कशी काढायची याचा धागा मांजरीच्या मेंदूत सापडला. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोघे १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मांजरीच्या दृष्टिकेंद्रातल्या एकेका पेशीचे विद्युत संकेत ऐकत होते. काचपट्टीवरचे ठिपके पडद्यावर दाखवायचे आणि पेशी बोलते का ते पाहायचं. ठिपक्यांना पेशी दाद देत नव्हती. काचपट्टी सरकवताना मात्र ती अचानक तडतडू लागली. त्यांनी शोध घेतला तेव्हा कळलं, की पेशीला ठिपक्याशी देणंघेणंच नव्हतं. काचेच्या कडेची पुसट तिरकी रेघ पडद्यावरून सरकत होती, तिला ती प्रतिसाद देत होती. एका विशिष्ट कोनातली रेघ, बस एवढंच त्या पेशीचं काम. शेजारची पेशी दुसऱ्या कोनासाठी. अशा साध्या पेशींच्या उत्तरांवर पुढच्या पेशी आपलं उत्तर रचतात आणि कुठेतरी वर मांजरीला उंदीर दिसतो. या कामासाठी दोघांना १९८१चं नोबेल मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी जपानमध्ये कुनिहिको फुकुशिमा यांनी हीच रचना संगणकात बांधून दाखवली होती.

आजचं क्ष-किरण वाचणारं सॉफ्टवेअर त्याच घराण्यातलं. पहिल्या थरात एक इवलीशी खिडकी असते, समजा तीन चौकोन रुंद आणि तीन उंच. ती सगळ्या फोटोवरून सरकते आणि दर जागी नऊ आकड्यांना नऊ ठरावीक वजनांनी गुणून बेरीज करते. वजनं एका प्रकारची असतील तर ही बेरीज फक्त उभ्या कडेवर मोठी येते, दुसऱ्या प्रकारची असतील तर आडव्या कडेवर. पुढचा थर कडांमधून वळणं जुळवतो, त्यापुढचा पोत ओळखतो, आणखी पुढे फासळी, हृदयाची कड, पोकळी, असं काहीबाही आकाराला येतं. शेवटी शून्य ते एक यांच्या दरम्यानचा एक आकडा बाहेर पडतो.

आता यातलं नवल बघा. ती वजनं कुणी ठरवत नाही. सुरुवातीला ती वाटेल तशी भरलेली असतात, त्यामुळे यंत्र निव्वळ बरळतं. मग त्याला एक फोटो दाखवतात, ज्यावर डॉक्टरांनी ‘क्षय आहे’ किंवा ‘नाही’ असं लिहून ठेवलंय. यंत्राचं उत्तर चुकलं की चूक किती झाली ते मोजून, शेवटच्या थरापासून पहिल्या थरापर्यंत उलटं मागे येत, प्रत्येक वजन किंचित हलवलं जातं. मग दुसरा फोटो, मग तिसरा, असे लाखो फोटो, पुन्हा पुन्हा. तिरकी रेघ शोध असं त्याला कुणीही सांगितलेलं नसतं, तरी शिकून झाल्यावर पहिला थर उघडून पाहिला तर तिथे तिरक्या रेघा शोधणाऱ्या खिडक्या तयार झालेल्या दिसतात. मांजरीच्या पेशींसारख्याच. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ गप्प बसलो होतो.

तो शेवटचा आकडा नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी गफलत तिथे होते. रत्नागिरीत आंबा उतरवताना मुरलेला बागायतदार फळाकडे नुसतं बघून म्हणतो, चौदा आणे तयार आहे. देठाजवळचा खळगा, गालांची भरण, सालीची कांती, हे सगळं त्या एका मापात आलेलं असतं. आत कोय किती पक्की झाली ते त्याने कापून पाहिलेलं नाही. यंत्राचा ०.७२ हा आकडा तसाच आहे. तो अंदाज आहे, निदान नव्हे. आणि किती आण्यांना फळ उतरवायचं हे जसं बाजार किती लांब आहे यावर ठरतं, तसंच कितीच्या वर आकडा आला की माणसाला पुढच्या तपासणीला पाठवायचं हे माणसांनीच ठरवायचं असतं.

जरा हिशेब करू. क्षयाचा धोका जास्त असलेल्या हजार माणसांचे फोटो काढले आणि त्यांपैकी दहा जणांना खरोखर क्षय आहे असं धरू. अशा चाळणी-तपासणीकडून जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा अशी, की शंभरातले नव्वद रुग्ण सापडावेत आणि शंभर निरोगी माणसांतल्या सत्तरांना तरी विनाकारण हटकू नये. या मापाचं यंत्र आपल्या दहातले नऊ पकडेल. एक सुटेल. आणि ९९० निरोगी माणसांतल्या २९७ जणांनाही ते ‘शंका आहे’ म्हणेल. म्हणजे ३०६ जणांना बोलावलं, त्यांत आजारी फक्त नऊ. पहिल्यांदा ऐकताना हे यंत्र वाईट वाटतं. पण दुसऱ्या बाजूने पाहा: हजार थुंकी तपासण्याऐवजी तीनशे तपासायच्या आहेत आणि त्या तीनशेंत दहातले नऊ रुग्ण आहेत. तपासणीचे संच मोजके असतील तेव्हा हा फरक फार मोठा.

त्या तीनशे जणांच्या बेडक्याची तपासणी करणारं ट्रूनॅट हे यंत्र गोव्याच्या मोलबायो कंपनीचं. बॅटरीवर चालतं, क्षयजंतूचा जनुकीय माग साधारण तासाभरात काढतं, आणि २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. निदान तिथे होतं. फोटो वाचणारं यंत्र फक्त दारापर्यंत आणून सोडतं. मार्च २०२१मध्ये त्याच संघटनेने पंधरा वर्षांवरील माणसांचे छातीचे फोटो क्षयाच्या चाळणीसाठी डॉक्टरऐवजी सॉफ्टवेअरने वाचले तरी चालतील, अशी शिफारस केली. वैद्यकाच्या इतिहासात असं वाक्य त्याआधी फारसं कुणी लिहिलेलं नव्हतं.

शिफारशीमागे पुरावा होता. त्याच वर्षी ढाक्यातल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २३,९५४ माणसांचे फोटो, पाच वेगवेगळी सॉफ्टवेअर आणि समोर तीन रेडिओलॉजिस्ट. पाचही सॉफ्टवेअर डॉक्टरांपेक्षा सरस ठरली, मात्र वर सांगितलेली नव्वद-सत्तरची पायरी त्यांतल्या दोघांनीच गाठली. त्या दोघांतलं एक मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीचं. याच कंपनीने २०१८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डोक्याच्या सीटी स्कॅनवरचं काम प्रसिद्ध केलं होतं, भारतातल्या केंद्रांमधून जमवलेल्या ३,१३,३१८ स्कॅनवर. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या मेंदूत रक्तस्राव आहे का, हे यंत्र आधी पाहतं आणि तो स्कॅन डॉक्टरांच्या रांगेत वर आणतं. मुंबई-गोवा महामार्गावरचे अपघात ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना रांगेत वर येण्याची किंमत सांगायला नको.

इथवर वाचून यंत्राच्या हाती सगळं सोपवावं असं वाटेल, म्हणून एक गोष्ट सांगतो. २०१८मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी न्यूमोनिया ओळखणारं एक यंत्र तपासलं. ज्या रुग्णालयांच्या फोटोंवर ते शिकलं होतं तिथे ते छान चाललं, दुसरीकडे नेल्यावर बऱ्याचदा ढेपाळलं. खोलात गेल्यावर दिसलं, की फोटो कुठल्या रुग्णालयाचा आहे हे असं यंत्र ९९ टक्क्यांहून जास्त वेळा अचूक ओळखू शकतं. फोटोच्या कोपऱ्यात डावी-उजवी बाजू कळावी म्हणून तंत्रज्ञ धातूची खूण ठेवतो, तीसुद्धा ठिकाण ओळखायला पुरते. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण तिसऱ्या हिश्शाएवढे आणि दुसऱ्यात जेमतेम शंभरात एक. मग फुप्फुस बघायचे कष्ट कशाला? ठिकाण ओळखलं की निम्मं उत्तर आलंच. यंत्राने लबाडी केली नव्हती. जे विचारलं त्याचं सर्वांत सोपं उत्तर त्याने शोधलं होतं.

त्याच वर्षी याच्या उलट टोकाची गोष्टही पुढे आली. गुगलच्या संशोधकांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो यंत्राला दाखवले. त्या एका फोटोवरून त्याने माणसाचं वय सरासरी सव्वातीन वर्षांच्या फरकाने सांगितलं, आणि फोटो बाईचा की पुरुषाचा हेही जवळजवळ बिनचूक ओळखलं. नेत्रतज्ज्ञांनी दीडशे वर्षं डोळ्यात डोकावून पाहिलंय, पण हा भेद त्यांना कधी दिसला नव्हता. आपण शिकवलेल्या नजरेला आपल्याला न दिसणारं काही दिसतंय आणि ते नेमकं काय, हे तिला आपल्याला सांगता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या यंत्रांच्या पोटातल्या आहेत. कोपऱ्यातल्या खुणेला भुलणारं त्याच जातीचं आणि डोळ्यातलं अदृश्य वाचणारंही त्याच जातीचं. म्हणून अशा यंत्राला दर नव्या जागी नव्याने तपासावं लागतं. रत्नागिरीच्या यंत्रांनी काढलेल्या, रत्नागिरीच्या माणसांच्या फोटोंवर.

जागेचं महत्त्व किती, हे थायलंडमध्ये दिसलं. मधुमेहाने होणारी डोळ्यांची हानी ओळखणारं एक यंत्र प्रयोगशाळेत उत्तम ठरलं होतं. ते ग्रामीण दवाखान्यांत नेलं तेव्हा पाचात एक फोटो त्याने ‘पुरेसा स्पष्ट नाही’ म्हणून परत केला. खोलीत अंधार पुरेसा नव्हता, इंटरनेट रखडत होतं, परिचारिका आणि रुग्ण दोघंही खोळंबले. आषाढात वीज कितीदा जाते हे ठाऊक असलेल्या कोकणाने हा अनुभव वाचून ठेवायला हवा. याला उतारा मात्र आपल्याकडेच आहे. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत आदित्य ज्योत फाउंडेशनच्या डॉक्टरांनी स्मार्टफोनवर, इंटरनेटशिवाय चालणारं असं यंत्र वापरून पाहिलं. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पुढे पाठवायलाच हवेत असे सगळे रुग्ण त्याने पकडले. अभ्यास लहान होता, दोनशेच्या वर रुग्णांचा. पण दिशा कळते.

नजर हलवण्याचा हा प्रयोग महाराष्ट्राला अगदीच नवा नाही, आणि मला वाटतं सगळ्यांत मोलाचा धडा तिथेच आहे. १९९८पासून टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवडे शिकवलं: गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, लावायचं आणि एक मिनिटाने पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. डॉक्टर नाही, प्रयोगशाळा नाही. शिकवलेली नजर तेवढी. ज्या वस्त्यांत ही तपासणी झाली तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. टाटा रुग्णालयाने पुढे रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या गावांतही कर्करोग तपासणीचं काम केलं. मुंबईतल्या मृत्यूंचे ते आकडे डागाने खाली आणले नाहीत. डाग दिसल्यावर ती बाई उपचाराला पोचेल याची व्यवस्था त्या अभ्यासात होती, म्हणून ते घडलं. कुणी घरी गेलं, सासूची समजूत काढली, गाडीत बसवून दिलं.

क्षयाचंही तेच. पडद्यावर ०.७२ उमटल्यावर पुढे सहा महिन्यांची औषधं असतात. नि-क्षय पोषण योजनेचे महिन्याचे पैसे नोव्हेंबर २०२४पासून पाचशेचे हजार झाले, त्या हजारात खायचं असतं. शेजारणीला कळू नये अशी धडपड असते. दुसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागल्यावर गोळ्या सोडायचा मोह असतो आणि तो ओळखून दारात येणारी आशाताई असते. डिसेंबर २०२४मध्ये देशातल्या ३४७ जिल्ह्यांत क्षयाविरुद्ध शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, तीत हातात धरता येणारी क्ष-किरण यंत्रं आणि त्यांच्या जोडीला हे सॉफ्टवेअर वापरलं गेलं. असं यंत्र वाडीच्या समाजमंदिरात नेता येतं, मिरकरवाडा बंदरावर बोटी लागायच्या वेळीही नेता येतं. यंत्र घ्यायला निधी मिळतो. आशाताईचं मानधन वेळेवर द्यायला मिळत नाही. हा क्रम उलटा आहे, आणि तो बदलला नाही तर फोटो कितीही हुशारीने वाचले तरी माणूस बरा होणार नाही.

रेडिओलॉजिस्टची गरज उरणार नाही, त्यांना शिकवणं आता थांबवा, असं संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी २०१६मध्ये म्हटलं होतं. यंत्राला शिकवण्याच्या याच विद्येसाठी त्यांना २०२४मध्ये जॉन हॉपफील्ड यांच्यासोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच विषयातलं पहिलंवहिलं नोबेल १९०१मध्ये क्ष-किरणांसाठी राँटगेन यांना मिळालं होतं. भाकीत मात्र खोटं ठरलं. जगभर आजही रेडिओलॉजिस्ट कमीच पडताहेत.

रत्नागिरीत २०२३मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जिल्ह्यात डेरवणचं वालावलकर रुग्णालय आणि त्याचं महाविद्यालय आधीपासून आहेच. या दोन ठिकाणी शिकणारी मुलं यंत्रासोबतच डॉक्टर होणारी पिढी आहेत. त्यांनी फोटो आधी स्वतः वाचावा, आपलं मत लिहून ठेवावं आणि मगच यंत्राचा आकडा उघडावा. उलट क्रमाने गेलं की डोळा आकड्याच्या मागे जातो आणि नजर तयारच होत नाही. मग उद्याच्या यंत्राला शिकवायला नजर आणायची कुठून? जिथे दोघांचं पटलं नाही, त्या फोटोंची एक वही दर रुग्णालयात असावी. पुढे ट्रूनॅटचं उत्तर आलं की कोण बरोबर होतं ते तिच्यातच लिहायचं. वर्षभरात ती वही सांगेल, की बागेतला नेपाळी राखणदार, बोटीवरचा खलाशी आणि गिरणीतून निवृत्त होऊन गावी आलेला म्हातारा, यांच्यापैकी कुणाची छाती यंत्राला नीट वाचता येत नाही. त्याची दुरुस्ती करायला लागणारी माहिती बंगळुरूत किंवा कॅलिफोर्नियात बसून मिळणार नाही. ती रत्नागिरीतच गोळा करावी लागेल, आणि त्यासाठी एक कारकून, एक वही आणि भांडायला तयार असलेले दोन तरुण डॉक्टर एवढं पुरेसं आहे.